तहान नसलेली लढाई

मुंबईत वझीर काळे नावाच्या माणसाला मारायचं आहे, आणि तो दिसतो कसा हे कुणालाच ठाऊक नाही. 'हिटमॅन २' या खेळातला मुंबईचा टप्पा असा सुरू होतो. खेळ २०१८ चा, बनवणारी आयओ इंटरॅक्टिव्ह ही कंपनी डेन्मार्कमधल्या कोपनहेगनची. वझीर हे नाव आणि काळे हे आडनाव एकाच बाळाच्या बारशाला कसं जमलं असेल, हा प्रश्न मराठी खेळाडूला आधी पडतो. मग कळतं, की दुसरं सावज दाऊद रंगन नावाचा सिनेमावाला आहे आणि तिसरी व्हान्या शाह, झोपडपट्टीची राणी, मुक्काम रेल्वेच्या यार्डात. तेव्हा आपण नावांचा नाद सोडतो आणि कामाला लागतो.

आपला मुलूख किंवा त्याच्या आसपासचा प्रदेश ज्यांत येतो असे व्हिडिओ गेम मोजकेच आहेत. या लेखाच्या निमित्तानं त्यांतले बरेचसे पुन्हा काढून खेळलो. यांच्याविषयी आपल्याकडे जे बोललं जातं ते बहुतेक चित्राविषयी असतं. रिक्षा बरोबर आहे का, पाटीवरची देवनागरी चुकली आहे का, देवाची मूर्ती कशी दाखवली, वगैरे. पण चित्रच बघायचं तर यूट्यूबवर दुसऱ्याचा खेळ बघूनही भागतं. खेळणाऱ्याच्या वाट्याला चित्राखेरीज आणखी एक गोष्ट येते : त्या जागी काय करता येतं आणि काय करता येत नाही. एखाद्या खेळाला एखादी जागा किती कळली आहे हे मी त्यावरून ठरवतो. आणि हा निकष लावला की भल्याभल्यांचा क्रम उलटा होतो.

'हिटमॅन'चंच घ्या. चित्रावर जायचं तर तक्रारीला जागा भरपूर. परदेशी माणसाला मुंबई म्हटल्यावर जे आठवतं तेच सगळं आहे : झोपडपट्टी, कपडे धुण्याची जागा, अर्धवट उभा टॉवर, सिनेमाचं शूटिंग. पण या मालिकेचा मूळ नियम असा, की नायक, म्हणजे एजंट ४७, ज्याचे कपडे घालेल त्याच्यासाठी उघडी असलेली सगळी दारं त्यालाही उघडी होतात. न्हावी व्हा, शिंपी व्हा, धोबी व्हा. तुळतुळीत डोक्याचा गोरा माणूस समोरून चालला आहे, हे कुणाच्या लक्षात येत नाही. संशय घेतो तो त्याच धंद्यातला मुकादम, कारण आपल्या हाताखालची माणसं त्याला तोंडओळखीनं माहीत असतात.

हा नियम पॅरिसच्या टप्प्यात चातुर्याचा वाटतो. मुंबईत तो अंगावर येतो. ज्या शहरातल्या इमारतींत कामाला येणाऱ्यांसाठी वेगळी लिफ्ट असते, जिथे टी-शर्टवर डिलिव्हरी कंपनीचं नाव असलेल्या मुलाचा चेहरा दार उघडणाऱ्याला पुढच्या मिनिटाला आठवत नाही, तिथे कपड्यांवरून माणूस ठरवणं ही खेळासाठी घेतलेली सूट राहत नाही. कोपनहेगनच्या मंडळींनी हे मुंबईसाठी मुद्दाम केलेलं नाही, त्यांचा नियम जगातल्या प्रत्येक शहराला तोच आहे. तरीही तो इथे सर्वांत खरा ठरला. काळेला दाढी करायला खुर्चीत बसवून वस्तरा हातात घ्यायची सोय आहे, आणि शहरभर दरारा असलेला तो माणूस न्हाव्याच्या तोंडाकडे बघतही नाही. झोपडपट्टीच्या सगळ्या देखाव्यापेक्षा ही खुर्ची मला जास्त मुंबईची वाटली.

हा खेळ फसला आहे तो गर्दीत. या टप्प्यात माणसं पुष्कळ आहेत, पण ४७ चालू लागला की ती बाजूला होतात. दादरला संध्याकाळी पूल चढलेल्या कुणालाही विचारा, तिथे आपण चालत नसतो, आपल्याला नेलं जात असतं. खेळाडूच्या हातून चालण्याचा ताबाच काढून घेणारी गर्दी कुणी तरी बनवायला हवी होती.

चित्र हास्यास्पद आणि नियम भक्कम, याचं जुनं उदाहरण म्हणजे 'स्ट्रीट फायटर २' मधला धालसिम. १९९१ चा जपानी खेळ. भारताचा प्रतिनिधी म्हणून आलेला हा योगी गळ्यात कवट्यांची माळ घालतो, तोंडातून आग ओकतो, आणि त्याचे हातपाय रबरासारखे लांब होतात. लाज वाटावी असं सगळं. पण तो खेळायला घ्या. तो हळू आहे, जवळ आलेल्याशी त्याचं फारसं चालत नाही, त्याची सगळी ताकद अंतर राखण्यात. समोरच्याला येऊ द्यायचं, पोहोचू द्यायचं नाही. उतावळ्या पोराच्या हातात धालसिम पहिल्या फेरीत आडवा होतो. संयम असलेल्याच्या हाती तो असला की समोरचा वैतागून चुका करतो. कवट्या काढून टाकल्या तर उरलेल्या धालसिमबद्दल माझी काही तक्रार नाही.

'सिव्हिलायझेशन' मालिकेतल्या गांधींचीही एक दंतकथा आहे. आकडेमोडीतल्या एका चुकीमुळे पहिल्या खेळातले गांधी अचानक अणुबॉम्ब टाकत सुटायचे, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. मालिकेचे जनक सिड मायर यांनी २०२० साली आपल्या आठवणींच्या पुस्तकात अशी चूक नव्हतीच म्हणून सांगितलं. दंतकथेला काही फरक पडलेला नाही. एवढ्यावरच सोडतो, कारण त्या खेळात गांधी असोत की चंगीझखान, खेळाडूनं करायचं ते जवळपास तेच असतं.

आता घाटाकडे. 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' हा नॉटी डॉग या अमेरिकी कंपनीचा २०१७ चा खेळ. क्लोई फ्रेझर आणि नडीन रॉस या दोघी कर्नाटकातल्या पश्चिम घाटात गणेशाचा सोन्यात मढवलेला दात शोधत फिरतात. मधला एक मोठा टप्पा जीपमधून मोकळं भटकण्याचा आहे : लाल चिखल, धबधबे, झाडीतून डोकावणारे होयसळ राजवटीचे भग्नावशेष. सह्याद्रीत पावसाळ्यात हिंडणाऱ्याला हे चित्र बघून दोन मिनिटं काही बोलायला सुचत नाही. चिखलात रुतलेली चाकं, दोर बांधून चढणीवर ओढलेली जीप, ओल्या हिरव्याचे इतके प्रकार. घाटाचं इतकं श्रीमंत चित्र मी दुसऱ्या कुठल्याही खेळात पाहिलेलं नाही.

मग हातात काय येतं? कडा. चढण्यासाठी सोयीच्या, पांढुरक्या, बोटं बरोबर बसतील अशा कडा. घाटात पावसाळ्यात फिरताना मन पायाखाली असतं : शेवाळ कुठे आहे, दगड सुटा आहे का, ओढ्याचं पाणी मघापेक्षा वाढलं का. या खेळात ठरलेल्या जागी एखादी कपार कोसळते, क्लोई लटकते, आपण दचकतो आणि पुढे जातो. पाय घसरण्याची भीती नाही, तेव्हा घाटाचं मुख्य कामच उरलेलं नाही. जिथून उडी मारायची तिथून ती बसणारच.

होयसळांबद्दलही तसंच. बेलूर आणि हळेबीडूला जे गेले आहेत त्यांना माहीत आहे, की त्या शिल्पकारांची करामत लहानात आहे. मऊ दगडात कोरलेल्या दागिन्यांच्या कड्या, मदनिकांच्या डोईवरची पानं, भिंतीवर ओळीनं चाललेले हत्ती. सोमनाथपूरसह या मंदिरांना २०२३ साली जागतिक वारशात स्थान मिळालं ते उगीच नाही. खेळात मात्र होयसळ म्हणजे डोंगराएवढे पुतळे आणि दगडी यंत्रं. धावत्या खेळाडूला लांबून दिसायला हवं, म्हणून सगळं फुगवलेलं. जवळ जाऊन बघत बसण्यासारखं काही करायचं ठेवलं असतं, तर होयसळ समजले असते.

एक जागा मात्र जमली आहे. गणपतीचा दात कसा तुटला ही कथा क्लोई सांगते : शंकराच्या दाराशी गणपतीनं परशुरामाला अडवलं, परशुरामानं शंकरानंच दिलेला परशू फेकला, आणि बापाचं शस्त्र वाया जाऊ नये म्हणून गणपतीनं तो घाव दातावर घेतला. कोकणातल्या माणसाला परशुराम घरचा, चिपळूणच्या डोंगरावर त्याचं देऊळ आहे. क्लोईचा बापही याच दाताच्या मागे लागून जिवाला मुकलेला. सहसा असल्या खेळांत पुराणकथा कुलपाच्या किल्लीपुरत्या वापरतात, इथे ती सांगणाऱ्याच्या तोंडी शोभते.

'व्हॅलोरंट'मध्येही पश्चिम घाट आहे, हे ते रोज खेळणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल याची शंका आहे. २०२३ च्या सुरुवातीला आलेला 'लोटस' हा नकाशा घाटातल्या एका पुरातन वास्तूचा आहे. पण खेळणाऱ्यांच्या तोंडी असतं ते एकच : फिरणारी दगडी दारं. ती फिरताना घरघरतात, पलीकडच्याला कळतं कुणी तरी येतंय, आणि मग मुद्दाम दार फिरवून दुसरीकडून जाणारे निघतात. उत्तम नियम. तो घाटात आहे की ग्रीसमध्ये, यानं काडीचा फरक पडत नाही, आणि निदान या खेळाचा तसा दावाही नाही.

आता मराठ्यांकडे येतो, कारण इथे मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे.

इंग्लंडच्या क्रिएटिव्ह असेंब्लीनं २००९ साली 'एम्पायर : टोटल वॉर' काढला. काळ १७०० ते १७९९. नकाशाचे तीन मोठे पट : युरोप, अमेरिका आणि भारत. मुख्य मोहिमेत भारतातर्फे खेळायला मिळणारी सत्ता एकच, मराठे. मुघल आहेत, पण ते संगणकाच्या ताब्यात. मराठी घरातल्या, हातात बऱ्यापैकी संगणक असलेल्या मुलांच्या एका पिढीवर या गोष्टीनं काय परिणाम केला असेल याची कल्पना करा. भगवा घेऊन दिल्लीवर जायचं! ब्रिटन घेऊन खेळत असलात तरी मजा असायची : संगणकाचे मराठे बहुतेक वेळा हळूहळू अख्खा भारत खाऊन टाकायचे, आणि उशिरा गलबतं घेऊन आलेल्या इंग्रजांची तारांबळ उडायची.

चित्रही देखणं होतं. हत्ती, तोफा, बारगीर, धूर. पण मोहीम सुरू झाली की लक्षात येतं, आपण जे खेळतोय ते मराठी कपडे घातलेलं प्रशियाचं राज्य आहे. १७०० साली राजाराम महाराज सिंहगडावर वारले, ताराबाईंनी कारभार हाती घेतला, औरंगजेब साताऱ्याच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. राज्य असं सलग जमिनीवर नव्हतं. ते किल्ल्यांत, घोड्यांवर आणि वसुलीच्या हक्कांत होतं. खेळात मात्र सीमा आखीव. चौथाई नाही, सरदेशमुखी नाही. दुसऱ्याच्या मुलखातून हक्कानं उत्पन्नाचा वाटा घ्यायचा आणि मुलूख त्याच्याच नावावर ठेवायचा, ही कल्पनाच या नकाशाला मांडता येत नाही. जमीन एक तर माझी नाही तर तुझी. छत्रपती आणि पेशवा यांच्यातला ताण तर दूरच राहिला.

आणि लढाई. दोन फौजा मैदानात समोरासमोर उभ्या राहतात, पायदळाच्या रांगा बंदुका झाडतात, घोडदळ बगलेवर जातं. हे युरोपचं अठरावं शतक, आणि ते या खेळानं उत्तम उभं केलं. पण पालखेड घ्या. १७२८ च्या फेब्रुवारीत बाजीरावानं निजामाला गाठलं ते वैजापूरजवळच्या या गावाशी. त्याआधी निजाम पुण्यात येऊन बसला होता. बाजीराव त्याच्याशी भिडायला आलाच नाही. तो निजामाच्या मुलखात लुटालूट करत लांब हिंडत राहिला, त्याला पुण्यातून बाहेर काढलं, मागे धावायला लावलं. त्या धावपळीत निजामाच्या अवजड तोफा मागे पडल्या. पालखेडला वेढा पडला तेव्हा त्याच्या छावणीला धान्य मिळेना आणि पाणीही. मोठी लढाई न होताच तो तहाला आला, मुंगी-शेवगावला सही झाली.

हे 'एम्पायर'मध्ये करून बघा. नकाशावर शत्रूची शेतं जाळता येतात, त्यानं त्याच्या खजिन्याला थोडी कळ लागते. पण त्याची फौज? ती ओसाड माळावर वर्षभर उभी ठेवली तरी एक माणूस कमी होत नाही. तिला भूक नाही, तहान नाही. बाजीरावाची सगळी विद्या ज्या एका गोष्टीवर उभी होती, तीच इथे गैरहजर. पानिपतचंही तेच. १४ जानेवारी १७६१ ला मराठ्यांचा सेनापती भाऊ लढाईला बाहेर पडला तो छावणीत खायला उरलं नव्हतं म्हणून. रसद तुटली नसती तर तो दिवस वेगळा उजाडला असता, यावर आपल्याकडे अजून भांडणं होतात. मराठ्यांचा सर्वांत चलाख विजय आणि सर्वांत मोठा पराभव, दोन्ही रसदेवर ठरले, आणि मराठ्यांना खेळाडूच्या हाती देणाऱ्या खेळात रसद नाही. याच कंपनीनं पुढच्याच वर्षी काढलेल्या 'नेपोलियन'मध्ये बर्फात आणि वाळवंटात माणसं मरायला लागली. रशियाच्या थंडीची आठवण झाली, दख्खनच्या उन्हाळ्याची आधी झाली नव्हती.

गंमत म्हणजे ही उणीव भरून निघते ती दिसायला अत्यंत रुक्ष अशा खेळात. स्वीडनच्या पॅराडॉक्सचा 'युरोपा युनिव्हर्सालिस ४', साल २०१३. रंगीत पट्ट्यांचा नकाशा, त्यावर आकडे, आणि वाचून डोळे दुखतील इतक्या खिडक्या. सुरुवात १४४४ ची, दख्खनेत बहमनी. मराठी संस्कृतीचं राज्य पुढे मराठा साम्राज्यात बदलायची सोयही आहे. इथे हत्तीचं एक देखणं दृश्य मिळणार नाही. पण प्रत्येक प्रांतात किती सैन्य जगू शकतं याला मर्यादा आहे. त्यापेक्षा जास्त माणसं नेली की दर महिन्याला ती मरू लागतात, वेढा घालून बसलेल्यांची अवस्था आणखी वाईट. आपलाच मुलूख जाळून शत्रूला उपाशी ठेवता येतं. मोठ्या फौजेपुढून मागे सरायचं, तिला डोंगरात आत ओढायचं, किल्ल्यांना गुंतवायचं, आणि ती अर्धी झाली की उलटायचं. हे कुणी शिकवत नाही. लहान राज्य घेऊन खेळणारा दोन-चार पराभवांनंतर आपसूक तिथे पोहोचतो. स्टॉकहोममध्ये बसलेल्या माणसांनी बाजीराव वाचला होता की नाही, कल्पना नाही. माणसाला रोज खावं लागतं एवढं त्यांनी लक्षात ठेवलं, बाकीचं आपोआप आलं.

खाण्यावरून 'वेण्बा'. २०२३ मध्ये आलेला हा खेळ कॅनडातल्या टोरंटोच्या विसाई गेम्सचा. १९८८ साली एक तमिळ जोडपं कॅनडात येतं, मुलगा होतो, वाढतो, दुरावतो. कथा ओळखीची आहे. नातेवाईक परदेशात असलेल्या मराठी घरातही ती आता पाठ असेल. पण करायचं काय आहे? वेण्बाच्या, म्हणजे त्या जोडप्यातल्या बायकोच्या, आईच्या हातची पाककृतींची वही आहे, तिची पानं फाटलेली, अक्षरं पुसलेली. त्या अर्धवट ओळींवरून इडली करायची. थाळ्या एकावर एक कशा ठेवायच्या म्हणजे वाफ वरपर्यंत जाईल? भोकं इडलीखाली झाकली गेली की वरची कच्ची राहते. वहीत लिहिलेलं नाही, वाफेचा विचार करून ठरवायचं. इडलीपात्र हाताळलेला माणूस हे क्षणात करतो, न हाताळलेला अडतो, आणि त्या अडण्यातून त्याला कळतं की ही विद्या कागदावर कधी पूर्ण नव्हतीच. पुढे मुलगा कविन त्याच वहीशी बसतो आणि तमिळ त्याला तुटक वाचता येतं, तेव्हा खेळाडूपुढेही तुटकच मजकूर येतो. या जागी मुलाबद्दल वाईट वाटून घ्यायला वेळ मिळत नाही, समोर भांडं तापलेलं असतं.

हा खेळ दीड-दोन तासांत संपतो म्हणून नाराज झालेले बरेच आहेत. माझी तक्रार निराळी. चुकलं की पुन्हा करायचं, बस्स; पीठ वाया गेल्याचं, जेवायला उशीर झाल्याचं दुःख नाही. इथेही तहान नाही म्हणा ना. पण बाकी इतकं नेमकं आहे, की ही कुरकूर मीच माघारी घ्यायला तयार आहे.

पुण्यात काय चाललंय? 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा २०२० चा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी खेळ पुरा झाला आणि २०२० च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र खेळांच्या नामांकनांतही आला. सर्कशीत वाढलेली राजी आपल्या पळवून नेलेल्या भावाला, गोलूला, सोडवायला निघते. हातानं रंगवलेल्या भिंती, राजस्थानी वाडे, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा, आणि वरून दुर्गा आणि विष्णू यांची आपसांतली टिप्पणी. यावर पुष्कळ कौतुक लिहून आलं आहे, ते रास्तच आहे.

मला त्यातलं एक हत्यार आवडतं, आणि ते हत्यारही नाही. खांब. राजी धावत जाऊन खांबाला हात घालते, गर्रकन फिरते आणि भोवतालच्या राक्षसांना उडवते. दुर्गेचा त्रिशूळ तिला मिळालेला आहे, खांब तिचा स्वतःचा. ती सर्कशीतली पोर आहे हे कथेनं सांगायच्या आधी हाताला कळतं. हेच सूत्र पुढे वाढवायला हवं होतं. त्याऐवजी त्रिशूळाच्या ठोकाठोकीचं प्रमाण वाढतं, ती कडक आणि एकसुरी आहे, चक्रं फिरवून चित्र जुळवायची कोडी फार सोपी, आणि शेवट तर शिवणीत उसवावा तसा मध्येच येतो. पुण्याचा म्हणून गुण वाढवून देणार नाही. पण तो खांब ज्यांना सुचला त्यांचा पुढचा खेळ मी पहिल्या दिवशी घेईन.

अर्थात महाराष्ट्रातल्या बहुसंख्य पोरांचा खेळ यांतला कुठलाच नाही. त्यांचा खेळ मोबाइलवरचा. 'पबजी'वर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये तो 'बीजीएमआय' होऊन परतला, २०२२ च्या जुलैत पुन्हा गायब झाला, २०२३ च्या मेमध्ये पुन्हा अवतरला. एवढ्या उलथापालथीत एरँगेल नावाचं त्यातलं काल्पनिक रशियन बेट मात्र कुणाच्या विस्मरणात गेलं नाही. तिथली शाळा, तिथला पूल, कोणत्या घरात काय सापडतं, हे ज्या पोराला तोंडपाठ आहे त्याला आपल्या तालुक्याचा नकाशा काढता येईलच असं नाही. मला यात रडण्यासारखं काही दिसत नाही. त्या पुलावर तो मेला आहे, वारंवार मेला आहे. जागा लक्षात राहते ती अशीच.

याच मैदानात पुण्याच्या सुपरगेमिंगनं ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' उतरवला. भारतीय भविष्यकाळ, भारतीय योद्धे, झगमगते पोशाख. चित्राबद्दल मी फारसा उत्साही नाही. पण त्यात एक नियम आहे. असल्या खेळांत शेवटच्या वर्तुळात झुडपात पालथं पडून राहणारे लोक असतात, बाकीचे एकमेकांना मारून संपले की उठून एक गोळी झाडतात आणि जिंकतात. 'इंडस'मध्ये शेवटी कॉस्मियम नावाची वस्तू प्रकटते आणि ती ताब्यात घेणाराही सामना जिंकतो. म्हणजे कुणी तरी तिकडे निघाला की झुडपातल्याला उठावंच लागतं, आपली सुरक्षित जागा आणि जमवलेला मोका सोडून मोकळ्यात धावावं लागतं. निजाम पुण्यातून असाच उठला होता. बनवणाऱ्यांच्या मनात तो असेल असं मी म्हणत नाही, आणि बंदुका अजून हातात हलक्या लागतात हेही खरं. पण तेवढ्या एका नियमासाठी तो अजून माझ्या फोनवर आहे.